महाराजांच्या पुण्यतिथीला त्यांचं हसणं सांगावं की नाही?

तापीथडी:

रामकृष्णहरी मंडळी.

चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचं गाव. इथल्या विठ्ठल मंदिरात ज्यांनी जन्म काढला त्या महाराजांची पुण्यतिथी पुढच्या महिन्यात आहे. सप्ता दरवर्षी बसतो. यंदा स्मरणिकाही निघतेय आणि तिचं काम माझ्याकडे आहे. शिवाय काल्याच्या आदल्या रात्री, कीर्तन उभं राहायच्या आधी, महाराजांच्या आठवणी मी सांगायच्या असं ठरलंय.

कमिटीतली मोठी मंडळी म्हणतात, "वैराग्य सांग, माधुकरी सांग, पंढरीच्या पायी वाऱ्या सांग. हसण्याखिदळण्याचं काही काढू नको. नव्या पोरांनी महाराजांना पाहिलेलं नाही, त्यांच्या मनात काय चित्र राहील?"

मी पाहिलेले महाराज वैरागी होतेच. दोन धोतरं, एक घोंगडी, वाटणीला आलेलं शेत धाकट्या भावाला लिहून दिलेलं. पण त्यांची आठवण आली की मला आधी त्यांचं हसू आठवतं, घोंगडी नंतर. कीर्तनात शुद्ध मराठी बोलायचे, खाली उतरले की अहिराणी. आणि अहिराणीत आले की समोरच्याला हसवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्यांच्या तळपायाला फार गुदगुल्या व्हायच्या. गुरुपौर्णिमेला पाद्यपूजेसाठी रांग लागायची. ताट, तांब्या, हळदकुंकू, सगळं शिस्तीत मांडलेलं. पहिल्या माणसाचा हात तळव्याला लागला की महाराज पाय आखडून घ्यायचे, "भो, हयूहयू! माले गुदगुल्या व्हतस!" म्हणायचे आणि असे हसत सुटायचे की पूजा सांगणाऱ्या भटजींचा मंत्र अर्ध्यावर राहायचा. शेवटी गावानं तोडगा काढला. पाणी अंगठ्यावर घालायचं, तळव्याला हात लावायचा नाही. महाराज गेले तरी पादुकांच्या पूजेत आम्ही अजून आधी अंगठ्यावरच पाणी घालतो. नव्या पोरांना वाटतं, तसं शास्त्र असेल.

दुसरी गोष्ट विणेकऱ्यांची. थंडीचे दिवस, सप्त्यातलं रात्रीचं कीर्तन, मंडपाला तिन्ही बाजूंनी ताडपत्री. आमचे विणेकरी आप्पा दिवसभर कापूस वेचून आलेले. गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, मान हळूहळू पुढे येतेय. महाराजांनी पाहिलं. चालू अभंगात आवाज उतरवत नेला, पखवाजवाल्याला हातानं खूण केली, टाळकऱ्यांना खूण केली. एकेक टाळ थांबला आणि सगळा मंडप चिडीचूप. त्या शांततेनंच आप्पा दचकून जागे झाले. त्यांना वाटलं कीर्तन संपलं. त्यांनी खणखणीत आवाजात "पुंडलिक वरदे हारि विठ्ठल" म्हटलं आणि सवयीनं अख्ख्या मंडपानं जयघोष पुरा केला! महाराजांनी हात जोडले, "आप्पा, समाप्ती तूच करी टाकी, आते मी काय करू?" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, आप्पाही हसत होते. मग महाराजांनी अभंग सोडला होता तिथूनच परत उचलला. कीर्तन झाल्यावर वीणा आप्पांच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली, त्यांना घरी झोपायला पाठवलं आणि आप्पांचा रात्रीचा पहारा, म्हणजे वीणा खाली न ठेवता जागं राहणं, स्वतः उभ्यानं केला.

प्रश्न दोन आहेत. हे पुण्यतिथीला सांगावं का? आणि मुखपृष्ठावर फोटो कोणता घ्यावा? एक चोपड्याच्या स्टुडिओत काढलेला आहे, फेटा बांधलेला, चेहरा गंभीर. दुसरा कोणीतरी पाद्यपूजेच्या वेळी टिपलेला. त्यात तोंड उघडं, पुढचे दोन दात नाहीत, डोळे मिटलेले, एक पाय हवेत. मला दुसरा हवा आहे. कमिटीला पहिला.

ज्यांच्या गावात, घरात अशी माणसं होऊन गेली त्यांनी मनापासून सांगा.

जुना टाळकरी (अमळनेर):

भाऊ, माझं स्पष्ट मत, कमिटीचं ऐका.

मी पोरवयापासून टाळ वाजवतोय. वैशाखात बोरी नदीच्या वाळवंटात सखाराम महाराजांच्या यात्रेत कितीतरी थोर कीर्तनकारांच्या मागे उभा राहिलो. तेव्हा अभंगाच्या चार चरणांवर दोन तास जायचे. त्यात एखादा दृष्टांत असा यायचा की माणूस हसायचा आणि हसता हसता गप्प व्हायचा. आता काय झालंय? लोक आधीच विचारतात, महाराज हसवतात का? बायको, सून, पोरींचे कपडे, मोबाईल, दारुड्या नवरा, एवढ्यावर सगळं कीर्तन. अभंग कोणता घेतला होता ते घरी जाताना कोणाला सांगता येत नाही. मागे उभ्या टाळकऱ्याला हे फार लागतं.

हसवणं वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. बाबा 1956 मध्ये गेले, माझा जन्म त्यानंतरचा. वडील सांगायचे, बाबा लोकांनाच प्रश्न विचारत जायचे. देव कुठं असतो? लोक म्हणायचे, देवळात. मग बाबा विचारायचे, त्या देवासमोरचा नैवेद्य कुत्रं खातं तेव्हा देव त्याला हाकलतो का? "नाही जी!" जो स्वतःचा नैवेद्य राखत नाही तो तुमचं काय राखील? लोक पोट धरून हसायचे आणि त्यातले काही घरी जाऊन नवसाचं बकरं सोडून द्यायचे. त्या हसण्याला काम होतं. तुमच्या महाराजांच्या गुदगुल्यांना काय काम आहे? राग मानू नका. पण उद्या कोणी हे मोबाईलवर टिपून तेवढाच तुकडा व्हॉट्सअॅपवर फिरवला तर एका साधूची नक्कल गावोगाव होईल. बाकी महाराज कोणी पाहणार नाही.

मुक्ताईची वारकरीण:

भाऊ, सांगा. अवश्य सांगा. अमळनेरच्या टाळकरी आबांना नमस्कार करून त्यांच्याशी थोडं भांडते.

माझं सासर मुक्ताईनगरजवळ, माहेर तापीपलीकडे रावेरकडचं. आमच्याकडच्या माणसाला साधूच्या हसण्याची भीती वाटावी हेच मला नवल वाटतं. मुक्ताईचं ठाणंच आपल्या मातीत आहे. मेहूणला तापीच्या काठी 1297 मध्ये ती अंतर्धान पावली असं आपण मानतो. वय अवघं अठरा. आणि सगळ्या संतमेळ्यात थट्टेला तिच्याइतकं धीट कोणी नव्हतं.

चांगदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण नीट आठवून पाहा. एवढा मोठा योगी, चौदाशे वर्षांचा म्हणतात. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यातच अडला. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ते ज्ञानानं मोठे, नमस्कार लिहावा तर वयानं पोर. शेवटी कोरा कागदच पाठवला. तो पाहून मुक्ताई हसली. म्हणाली, चौदाशे वर्षं जगले आणि कोरेच राहिले! हे म्हणणारी पोर किती वर्षांची असेल? त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, आणि पुढे तेच चांगदेव मुक्ताईचे शिष्य झाले. आज चांगदेवांचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे आणि मुक्ताई तिथून जवळच. महाशिवरात्रीच्या यात्रेला आम्ही दोन्हीकडे जातो. गुरू आणि शिष्य शेजारी नांदतात, आणि त्यांच्या नात्याची सुरुवात एका थट्टेनं झालेली आहे.

गोरोबाकाकांच्या घरचं तसंच. मडकं पक्कं की कच्चं ते बघायचं थापटणं कोपऱ्यात होतं. मुक्ताईनं विचारलं, काका, हे काय? काकांनी सांगितलं. मग म्हणते, आमचीही मडकी तपासा ना. काकांनी खरंच एकेकाच्या डोक्यावर थापटलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. नामदेव रुसून पंढरीला गेले, विठ्ठलापुढे रडले, आणि विठ्ठलानं त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं. म्हणजे बघा आबा, मुक्ताईनं दोनदा थट्टा केली आणि दोघांना गुरू मिळाला. हसण्याला काम असावं म्हणता ना? ह्याहून मोठं काम कोणतं?

पण मी तेवढ्यावर थांबणार नाही. हसण्याला दर वेळी काम असायलाच हवं हे मला पटत नाही. तुकोबांना कोणी उसाची मोळी दिली, घरी येईपर्यंत वाटेतल्या पोरांनी मागून मागून एकच ऊस उरला. जिजाईनं रागानं तोच पाठीत घातला, त्याचे तुकडे झाले. तुकोबा हसले आणि म्हणाले, बरं केलंस, वाटणी माझ्यावर आली नाही. त्या हसण्यातून कोणाला उपदेश नव्हता. घरात दुष्काळ होऊन गेलेला, दुकान बुडालेलं, बायको पोरांच्या भुकेनं पिचलेली, आणि तिच्या रागाला ह्या माणसाकडे दुसरं उत्तरच नव्हतं. मला ही गोष्ट ऐकताना जिजाईचीही दया येते. पण तुकोबांच्या मनात तिच्याबद्दल अढी राहिली नाही हे त्या हसण्यावरूनच कळतं.

आणि एकनाथांच्या घरची तर मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे शेवटचं वाक्य बाईचं आहे. नाथांना राग आणून दाखवला तर दोनशे रुपये, अशी पैज लागली. तो ब्राह्मण सरळ जाऊन नाथांच्या मांडीवर बसला. नाथ म्हणाले, भेटायला पुष्कळ येतात, इतक्या प्रेमानं कोणी आलं नव्हतं. मग जेवताना गिरिजाबाई वाढायला वाकल्या तर हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ हो, पाहुणा पडेल. गिरिजाबाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन कामं करायची मला सवय आहे, हा कसा पडेल! हरी म्हणजे त्यांचा मुलगा. त्या ब्राह्मणानं त्यांचे पाय धरले. वाढता वाढता, हातात पळी असताना हे सुचलेलं आहे. पोथीत गिरिजाबाईंचं फार थोडं आहे, पण हे एवढं वाचून त्या मला माहेरच्या बाईसारख्या वाटतात.

आता आबांचं जे खरं आहे ते खरंच आहे. बायकोवर, सुनेवर, पोरींच्या कपड्यांवर चालतं ते मीही ऐकलंय. आम्ही बाया पुढे बसलेल्या असतो. सगळे हसतात म्हणून आम्हीही पदराआड हसतो, आणि घरी भाकरी थापताना ते वाक्य परत परत टोचतं. तिथे उठून उत्तर देता येत नाही. मला वाटतं फरक इथे आहे. मुक्ताईनं थट्टा केली ती चौदाशे वर्षांच्या योग्याची, गाडगेबाबांनी केली ती देवाच्या नावानं बकरं कापणाऱ्यांची. दोघंही आपल्याहून वरच्या माणसांवर हसले. तुमचे महाराज हसले ते स्वतःच्या तळपायावर, चारचौघांत, पूजेच्या पाटावर बसून. ज्याला स्वतःचा मोठेपणा जपायचा असतो तो पाद्यपूजेच्या वेळी असा हसत नाही, तो दात आवळून बसतो.

विणेकऱ्यांच्या गोष्टीबद्दल मात्र थोडं सांभाळा. तिथे आप्पा खालचे होते, थकलेले होते. म्हणून ती गोष्ट जयघोषावर संपवू नका. लोक हसतील तिथे थांबायचा मोह होईल. वीणा स्वतःच्या गळ्यात घेऊन रात्रभर उभे राहिले, ते तुम्ही एका वाक्यात उरकलंय. ते सावकाश सांगा. किती थंडी होती, त्यांचं वय काय होतं, पहाटे काकड्याला कोणी येऊन वीणा घेतली, तेवढं सगळं.

आणखी एक. तुम्ही काल्याच्या आदल्या रात्री बोलणार. दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन, म्हणजे पेंद्या, बोबड्या, वाकड्या, शिंकाळी फोडणं, एकमेकांच्या तोंडचा घास पळवणं. आपल्या परंपरेनं सात दिवसांच्या जागराचा शेवट देवाच्या खोड्यांनी करायचं ठरवलंय. त्याच मंडपात महाराजांचं हसू सांगायला कसली अडचण?

आम्ही मुक्ताईच्या पालखीबरोबर बुलढाणा, जालना, बीडवरून पंढरीला जातो. आषाढवारीला निघणाऱ्या मानाच्या पालख्यांत आमची वाट फार लांबची. आमच्या दिंडीत एक म्हातारे महाराज होते. पावसात सगळ्या बाया चिखलानं माखून रडकुंडीला आल्या की ते चोपदाराला थांबवायचे आणि स्वतः फुगडीला हात पुढे करायचे. धोतर खोचून, त्या वयात. पाय सुजलेली बाईसुद्धा उठायची. त्यांच्या प्रवचनातलं मला फारसं सांगता येणार नाही, पण पंढरपुरापर्यंत मी कोणाच्या जोरावर चालले ते सांगता येईल.

धुळ्याचा विद्यार्थी:

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. होस्टेलवर आम्ही एकदा दलाई लामा आणि डेस्मंड टुटू यांच्या भेटीचा व्हिडिओ पाहिला होता. 2015 मध्ये टुटू धर्मशाळेला गेले होते, दलाई लामांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्तानं. एक बौद्ध भिक्खू, एक ख्रिस्ती आर्चबिशप, दोघांना नोबेल मिळालेलं. एकानं देश गमावलेला, दुसऱ्यानं वर्णभेदाच्या राज्यात आयुष्य काढलेलं. आणि दोघं शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांच्या खोड्या काढत होते. टुटू त्यांना दटावतात की कॅमेरे लागलेत, जरा साधुपुरुषासारखं वागा! मी देवळात फार जाणारा नाही. पण हे दोघं काय मानतात ते वाचावंसं वाटलं ते ह्या हसण्यामुळे. काका, तुमच्या गावातही माझ्यासारखी पोरं असतील. त्यांच्यासाठी तो पाय हवेत असलेला फोटो छापा.

जुना टाळकरी (अमळनेर):

ताई, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. मुक्ताईच्या दोन्ही थट्टांतून गुरू मिळाला हे मी इतकी वर्षं कीर्तनं ऐकून कधी जोडून पाहिलं नव्हतं.

मोबाईलच्या तुकड्याची भीती माझी अजून गेलेली नाही. आणि भाऊ, एक विचारायचं राहिलं. विणेकरी आप्पा हयात आहेत का? नसतील तर त्यांच्या घरच्यांना विचारलंय का? मंडपात त्यांचा नातू बसलेला असेल आणि सगळं गाव त्याच्या आजोबांच्या डुलकीवर हसेल. हे विचारल्याशिवाय सांगू नका.

तापीथडी:

आबा, आज सकाळी गेलो होतो. आप्पा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मोठा मुलगा केळीच्या बागेत घड उतरवत होता, तिथेच बांधावर बसलो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा ही गोष्ट स्वतः सांगायचे. पाहुणे आले की आम्हाला परत परत ऐकावी लागायची. पण ते फक्त पुढचं सांगायचे. महाराजांनी त्या रात्री पहारा केला हे आम्हाला आईनं सांगितलं. बाबांना ते सांगताना बोलवत नसे."

ताई म्हणतात ते सगळं त्याच्याकडून मिळालं. महाराज तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, आणि गुडघे धरलेले. अंगावर तीच घोंगडी. पहाटे काकड्याला वीणा घ्यायला आप्पाच परत आले आणि येताना घरून चहाची किटली घेऊन आले. महाराज चहा पीत नसत, हे गावाला माहीत होतं. त्या दिवशी प्यायले. वर म्हणाले, "समाप्तीना चहा शे, नही कसं म्हनू!" हे मला माहीत नव्हतं. आप्पांचा मुलगा सप्त्यात ही गोष्ट स्वतः उभा राहून सांगायला तयार झालाय. मी त्याच्या आधी बोलेन आणि बसेन.

तुकड्याच्या भीतीवर कमिटीत एक तोड निघाली. आठवणी चालू असताना मोबाईल बंद, असं चोपदारच आधी सांगेल. कितपत पाळतील बघू.

फोटोवरून काल रात्री बराच वाद झाला. शेवटी मुखपृष्ठावर फेट्याचाच राहिला, कारण ज्या ताईंनी स्मरणिकेचा निम्मा खर्च उचललाय त्यांच्या देवघरात तोच आहे आणि त्यांचं मन मोडायला कोणी तयार नव्हतं. हसरा फोटो आत पूर्ण पानावर येतोय. त्याखाली पाणी अंगठ्यावर का घालतात ते छापायचं ठरलं. मजकूर शनिवारी प्रेसला द्यायचाय. तोवर कोणाकडे अशा खान्देशातल्या महाराजांच्या आठवणी असतील तर इथे लिहा, मी विचारून मगच घेईन.

आबा, तुम्ही काल्याला या. भंडाऱ्याला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आहे. आमचे दोन टाळकरी यंदा सुरतेला कामाला गेलेत, मागची ओळ रिकामी आहे.

जुना टाळकरी (अमळनेर):

येतो. आदल्या रात्रीच येतो, आप्पांच्या मुलाचं ऐकायचं आहे.